दोषैकदृष्टि आणि न्यूगेटचा तुरुंग

परदोष पाहण्यांत मनुष्यास जितका उल्हास वाटतो तितका दुसऱ्या क्वचितच एखाद्या उद्योगांत वाटत असेल. चावडीवर, कचेरींत, पाणवठ्यावर, आगगाडीच्या डब्यांत, जेथें जेथें चार माणसें एकत्र जमतात तेथें तेथें पांचव्याच्या शीलाची चौकशी सुरू होते, पुरावा न घेतां निकाल दिला जातो, आणि त्या निकालावर अपील म्हणून नसतें. असला खटला चालविण्यास खर्च लागत नाहीं, व न्यायाधीशास कायद्याचें ज्ञानही लागत नाहीं. म्हणून ह्या न्यायालयांना सुटी अशी कधींच नसते. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनांत ह्या खोडीवर मोठा कडक प्रहार केलेला आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ व आपल्या डोळ्यांतील मुसळ अशी जी म्हण आपल्याकडे रूढ आहे, तिच्यासारखीच तुलना त्या प्रवचनांत आढळते.

परंतु हा उपदेश जितका प्रसिद्ध तितकाच तो विपरीत समजला गेलेला आहे. कोणी म्हणतात, दुसऱ्याविषयीं निवाडा करूं नये म्हणजे बऱ्यावाइटाचा भेदच मोडून टाकावा, चोराला चोर म्हणूं नये, आणि कोर्टांना कुलपें ठोकावीं. दुसरे म्हणतात, हें वचन प्रार्थनामंदिरांत ऐकावयास ठीक आहे. पण त्याच्यावर संसार किंवा राज्य चालवूं गेल्यास चार दिवसांत अराजक माजेल. ह्या दोन्ही आक्षेपांस तर्कानें उत्तर देतां येईल. परंतु एखाद्या व्यक्तीनें तो उपदेश हातीं घेऊन, अत्यंत प्रतिकूल जागीं, अत्यंत बदनाम लोकांमध्यें, वर्षानुवर्षें आचरून दाखविला असेल, तर तें उत्तर केवळ तार्किक उत्तराहून अधिक वजनदार होय. इंग्लंडांतील एलिझाबेथ फ्रायबाईंनीं हें करून दाखविलें. त्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों तें ह्याच हेतूनें.

एलिझाबेथचा जन्म २१ मे १७८० रोजीं इंग्लंडच्या पूर्वभागांतील नॉरिच शहरीं झाला. बाप जॉन गर्नी हा सधन व्यापारी व पेढीवाला होता. घर मोठें, भावंडें पुष्कळ, आणि शहराजवळ अर्लहॅम येथें ऐसपैस वाडा. मुलगी बारा वर्षांची असतांना, १७९२ सालीं, आई वारली. गर्नी कुटुंब क्वेकर पंथाचें होतें. सतराव्या शतकांत जॉर्ज फॉक्स यानें स्थापन केलेल्या ह्या पंथाचें मुख्य तत्त्व असें आहे कीं, प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणांत ईश्वराचा कांहीं तरी प्रकाश असतोच. त्याच्यावर कितीही काजळी धरली तरी तो अजीबात विझत नाहीं. म्हणून त्यांच्या प्रार्थनासभेंत स्त्रीपुरुष निःशब्द बसत, आणि ज्याला अंतःप्रेरणा होईल तो, मग ती स्त्री कां असेना, उठून बोले. राजापुढें टोपी न काढणाऱ्या व कोर्टांत शपथ न घेणाऱ्या ह्या लोकांस आरंभीं अतोनात छळ सोसावा लागला. फॉक्स अनेक वेळां तुरुंगांत पडला. पेन्सिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन हा तर खुद्द लंडनच्या न्यूगेट तुरुंगांत कैदी होता. ज्या पंथाच्या पूर्वजांस समाजानें एके काळीं गुन्हेगार ठरविलें, त्याच पंथाच्या कन्येनें पुढें त्या तुरुंगाचें दार ठोठावलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

एलिझाबेथच्या तरुणपणीं नॉरिचच्या श्रीमंत क्वेकरांत पंथाचा जुना साधेपणा पुष्कळच सैल झाला होता. गर्नी भावंडें रंगीबेरंगी कपडे वापरीत व नाचगाण्यांत रमत. एलिझाबेथ स्वतः प्रकृतीनें नाजूक, स्वभावानें भित्री, आणि धर्माविषयीं साशंक अशी होती. १७९८ सालीं अमेरिकेहून आलेल्या विल्यम सेव्हरी नांवाच्या क्वेकर उपदेशकाचें भाषण ऐकण्यास ती गेली, तेव्हां तिच्या पायांत तांबड्या नाड्यांचे जांभळे बूट होते असें सांगतात. त्या भाषणानें तिच्या मनाचा कल पालटला. हा पालट एका रात्रींत झाला नाहीं. परंतु हळूहळू तिनें भपका सोडला, साधा झगा व पांढरी टोपी स्वीकारली, आणि आसपासच्या गरीब मुलांस वाड्यांत जमवून ती त्यांना वाचावयास शिकवूं लागली. १८०० सालच्या ऑगस्टमध्यें जोसेफ फ्राय ह्या लंडनच्या क्वेकर गृहस्थाशीं तिचें लग्न झालें. पुढें ह्या जोडप्यास अकरा मुलें झालीं. मोठें बिऱ्हाड, पाहुण्यांची वर्दळ, वारंवार बाळंतपणें, अशा धबडग्यांत फ्रायबाईंच्या आयुष्याचीं पहिलीं बारा वर्षें गेलीं. १८११ सालीं पंथानें त्यांना उपदेशिका म्हणून मान्यता दिली.

१८१३ सालच्या कडक हिवाळ्यांत स्टीफन ग्रेलेट नांवाचा फ्रान्समध्यें जन्मलेला एक क्वेकर गृहस्थ न्यूगेटचा तुरुंग पाहून आला व तडक फ्रायबाईंच्या घरीं गेला. स्त्रियांच्या बराकींत जें त्यानें पाहिलें त्यानें त्याचें काळीज फाटलें होतें. थंडीनें पाणी गोठत असतां नुकतीं जन्मलेलीं अर्भकें तेथें उघडीं पडलेलीं होतीं. बाईंनीं मैत्रिणी जमविल्या, लोकरी कापड आणविलें, बाळांचे कपडे शिवले, आणि ॲना बक्स्टन हिला सोबत घेऊन त्या स्वतः न्यूगेटला गेल्या. पहारेकऱ्यांनीं त्यांना आंत न जाण्याविषयीं विनविलें. निदान घड्याळ तरी बाहेर ठेवा, आंत तें टिकणार नाहीं, असें सुचविलें. बाईंनीं घड्याळ काढलें नाहीं, आणि त्या आंत गेल्या.

आंत काय होतें? दोन बराकी व दोन कोठड्या, आणि त्यांत सुमारें तीनशें स्त्रिया व त्यांचीं मुलें. चौकशी चालू असलेल्या व शिक्षा झालेल्या, लहानसहान चोरीसाठीं आलेल्या व फांशीची वाट पाहणाऱ्या, सर्व एकाच ठिकाणीं कोंबलेल्या. त्याच जागेंत स्वयंपाक, तेथेंच धुणें, तेथेंच भुईवर निजणें. अंथरूणपांघरूण नाहीं, मात्र पैसे टाकल्यास दारू मिळे, आणि ते पैसे येणाऱ्याजाणाऱ्यांपुढें गजांतून हात पसरून मिळवावयाचे. त्या काळीं इंग्लंडच्या कायद्यांत दोनशेंहून अधिक गुन्ह्यांस देहान्त शिक्षा होती, हेंही वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. ह्या बायकांविषयीं शहराचें मत कधींच ठरून गेलेलें होतें: ह्या माणसांतून उठलेल्या आहेत, ह्यांना आवरावयाचें, सुधारावयाचें नव्हे. तुरुंगाचे अधिकारी सुद्धां बराकींत एकटे जाण्यास कचरत.

आम्हांस येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हें मत निव्वळ खोटें नव्हतें. त्या स्त्रिया खरोखरच दारू पीत, भांडत, शिव्या देत व चोरी करीत. ज्यांनीं त्यांना वाईट म्हटलें त्यांच्या डोळ्यांनीं त्यांना फसविलें नव्हतें. परंतु त्यांनीं पाहिलें तें अर्धें होतें, आणि त्या अर्ध्यालाच पूर्ण समजून त्यांनीं दप्तर बंद केलें होतें. फ्रायबाईंनीं दप्तर बंद केलें नाहीं, एवढाच त्यांच्यांत व इतरांत आरंभीं फरक होता.

१८१३ नंतर सुमारें चार वर्षें बाईंना ह्या कामाकडे पुन्हां वळतां आलें नाहीं. घरीं बाळंतपणें व आजारपणें चालूं होतीं; १८१५ सालीं त्यांची धाकटी एलिझाबेथ, पांच वर्षांचीही पुरी न झालेली मुलगी, दगावली. १८१६ च्या अखेरीस त्या पुन्हां न्यूगेटमध्यें गेल्या त्या हें दुःख पोटांत घेऊनच. ह्या खेपेस त्यांनीं बायकांना त्यांच्या पापांविषयीं व्याख्यान दिलें नाहीं. त्यांनीं त्यांच्याशीं त्यांच्या मुलांविषयीं गोष्ट काढली. हीं मुलें ह्या नरकांत वाढून काय होतील, ह्यांच्यासाठीं एखादी शाळा काढूं या कां, असा प्रश्न त्यांनीं त्या मातांसच विचारला. ज्या बायकांच्या ठिकाणीं लोकांना नुसती दुष्टता दिसत होती त्यांच्या डोळ्यांना पाणी आलें. शाळेला शिक्षिका कोण नेमावी हें ठरविण्याचें कामही बाईंनीं कैदी स्त्रियांवरच सोंपविलें, आणि त्यांनीं मेरी कॉनर नांवाची तरुणी निवडली. ती घड्याळ चोरल्याच्या आरोपावरून आलेली होती. तिनें तें काम फार निष्ठेनें केलें. अधिकाऱ्यांनीं ह्या शाळेस एक रिकामी कोठडी दिली ती हा प्रयोग फसणार अशी खात्री बाळगूनच. परंतु पहिल्याच दिवशीं मोठ्या बायका दाराशीं गर्दी करून, आम्हांलाही शिकवा, म्हणून विनवूं लागल्या.

त्यांतून पुढचें पाऊल आलें. १८१७ सालच्या एप्रिलांत बाईंनीं अकरा जणींस सोबत घेऊन न्यूगेटमधील स्त्रीकैद्यांच्या सुधारणेसाठीं मंडळ स्थापन केलें. ह्या बाराजणींत एक धर्मोपदेशकाची पत्नी सोडल्यास बाकीच्या सर्व क्वेकर होत्या. कैदी स्त्रियांस शिवणकाम व विणकाम द्यावें, देखरेखीस स्त्री नेमावी, आणि मंडळाच्या सभासदांनीं पाळीपाळीनें रोज हजर राहावें, अशी योजना होती. शहराच्या अधिकाऱ्यांनीं दिलेला अभिप्राय आजही शिकण्यासारखा आहे. बायकांच्या हातीं कापड, सुया व कात्र्या द्याल तर त्या सर्व विकून खातील, आणि काम करण्याचा प्रश्नच निघणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. फ्रायबाईंनीं सर्व कैदी स्त्रियांस एकत्र बोलावलें व नियम वाचून दाखविले: भीक मागावयाची नाहीं, शिव्या द्यावयाच्या नाहींत, जुगार खेळावयाचा नाहीं, बारा बाराजणींचा गट करून प्रत्येकीवर आपल्यांतलीच एक देखरेख करणारी राहील. मग प्रत्येक नियम वेगळा मताला टाकण्यांत आला, आणि प्रत्येकावर त्या स्त्रियांनीं हात वर करून आपली संमति दिली. ज्यांना देशाच्या कायद्यानें एकाही बाबतींत मत दिलें नव्हतें, त्यांना तुरुंगांत प्रथमच कोणी तरी तुमचें मत काय म्हणून विचारलें. थोड्याच दिवसांनीं लॉर्ड मेयर व इतर अधिकारी पाहणीस आले, तेव्हां त्याच बराकींत स्त्रिया रांगेनें बसून शिवत होत्या व एकजण वाचीत होती. शहराच्या कारभाऱ्यांनीं ती व्यवस्था तुरुंगाच्या नियमांत घेतली, आणि देखरेख करणाऱ्या बाईच्या पगाराचा कांहीं भाग देण्याचें कबूल केलें.

सन १८१८ च्या फेब्रुवारींत पार्लमेंटच्या समितीपुढें फ्रायबाईंची साक्ष झाली. असल्या सार्वजनिक प्रश्नावर स्त्रीची साक्ष घेणें ही त्या काळीं मोठी अपूर्वाई होती. त्या साक्षींतील एक आंकडा आम्ही मुद्दाम देतों. तोंपर्यंत ह्या स्त्रियांनीं सुमारें २०,००० कपडे शिवून दिले होते, आणि त्यांतील अवघे तीन नग हरवले होते. तेही कैदी स्त्रियांनीं चोरले असें बाईंस वाटत नव्हतें. सुया व कापड दिल्यास सर्व विकून खातील हें भाकीत ज्यांनीं केलें ते लोक अनुभवी होते, शहाणे होते, व त्यांचा हेतूही वाईट नव्हता. तथापि भाकीत चुकलें, आणि तें कां चुकलें हें पाहणें हेंच ह्या लेखाचें प्रयोजन आहे. मनुष्यावर विश्वास टाकण्यापूर्वीं तो विश्वासास पात्र आहे कीं नाहीं ह्याचा पुरावा आपण मागतों. परंतु पुष्कळदां तो पुरावा विश्वास टाकल्यावांचून उत्पन्नच होत नाहीं. वीस हजार कपडे परत आले, कारण कोणी तरी पहिला कपडा हातांत दिला.

न्यूगेटमधील पुष्कळ स्त्रियांस हद्दपारीची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियाकडे पाठवीत. निघण्याच्या आदल्या रात्रीं त्या बेभान होऊन तुरुंगांतील सामान मोडीत. सकाळीं त्यांना बेड्या घालून उघड्या गाड्यांतून नदीवर नेत, आणि रस्त्यांत बघे लोक त्यांच्यावर चिखल व शिव्या फेंकीत. १८१८ सालीं बाईंनीं अधिकाऱ्यांचें मन वळवून त्यांना बंद गाड्यांतून नेण्याची परवानगी मिळविली, आणि आपली गाडी त्यांच्या मागोमाग घेऊन त्या स्वतः जहाजापर्यंत गेल्या. ज्याची विटंबना पाहण्यास लोक जमतात त्याच्यापुढें पडदा ओढणें हाही दया करण्याचा एक प्रकार आहे. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षें, बाईंनीं शंभराहून अधिक जहाजांवर जाऊन निघणाऱ्या स्त्रियांस निरोप दिला. महिनेन्‌महिने चालणाऱ्या प्रवासांत हातांना काम असावें म्हणून मंडळ प्रत्येकीस सुया, दोरा व कापडाचे तुकडे देई, आणि त्यांच्या गोधड्या त्या शिवीत. १८४१ सालीं ‘राजा’ नांवाच्या जहाजावरून टास्मानियास गेलेल्या स्त्रियांनीं शिवलेली अशी एक गोधडी कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहांत जपून ठेवलेली आहे. तिच्यांत २,८०० हून अधिक तुकडे आहेत, आणि कडेला त्या स्त्रियांनीं मंडळाचे आभार धाग्यानें भरले आहेत. समाजानें चिंधीप्रमाणें फेंकून दिलेल्या बायकांच्या हातून असली वस्तु झाली, हें त्यांच्या बाजूचें कागदोपत्रीं नसलेलें पण टिकलेलें साक्षीपत्रच होय.

तथापि फ्रायबाईंचें चरित्र म्हणजे जयांचीच मालिका असें कोणी समजूं नये. १८१८ सालींच हॅरिएट स्केल्टन नांवाच्या स्त्रीस खोट्या नोटा चालविल्याबद्दल फांशीची शिक्षा झाली. ज्याच्यावर तिचा जीव होता त्या पुरुषाच्या सांगण्यावरून तिनें हें केलें असें समजलें जाई, आणि तुरुंगांतील तिची वागणूक फार चांगली होती. तिला वांचविण्यासाठीं बाईंनीं जिवाचें रान केलें. बँक ऑफ इंग्लंडच्या कारभाऱ्यांचे उंबरठे झिजविले, राजघराण्यांतील ग्लॉस्टरच्या ड्यूकास तुरुंगांत आणून दाखविलें, आणि गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्याकडे रदबदली केली. सिडमथ यांनीं दाद दिली नाहीं. इतकेंच नव्हे तर बाईंच्या ह्या खटपटीनें शिक्षेचा धाक नाहींसा होतो अशी त्यांची समजूत झाली व उभयतांत कायमचें वितुष्ट आलें. स्केल्टन फांशीं गेली. गृहमंत्र्यांचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नव्हतें. दया केल्यास कायदा दुबळा होईल, ही भीति प्रत्येक काळच्या राज्यकर्त्यांस वाटते. परंतु हजारों लहानमोठ्या चोरांना व नोटा चालविणाऱ्यांना फांशीं देऊनही तो गुन्हा थांबला नव्हता, हें तितकेंच खरें आहे. १८३७ सालापर्यंत खोटे दस्तऐवज व नोटा यांबद्दलची फांशी इंग्लंडच्या कायद्यांतून सर्वस्वीं गेली, आणि त्यामुळें इंग्लंडच्या पेढ्या बुडाल्या नाहींत. पुढें २००२ सालीं त्याच बँक ऑफ इंग्लंडनें आपल्या पांच पौंडांच्या नोटेवर न्यूगेटच्या कैद्यांना वाचून दाखविणाऱ्या फ्रायबाईंचें चित्र छापलें. ती नोट २०१७ सालापर्यंत चालू होती. ज्या कागदापायीं स्केल्टनचा जीव गेला त्याच कागदावर तिच्यासाठीं रदबदली करणारीची प्रतिमा आली. परंतु त्याचा हॅरिएट स्केल्टन हिला कांहीं उपयोग नव्हता, हें विसरतां कामा नये.

दुसऱ्यांचा निवाडा न करणाऱ्या बाईंस लोकांनीं मात्र निवाड्यावांचून सोडलें नाहीं. अकरा मुलांची आई तुरुंगांतील बायकांत कां हिंडते, असा आक्षेप त्यांच्यावर जन्मभर होता. त्यांच्या कित्येक मुलांनीं पुढें पंथाबाहेर लग्नें केलीं, तेव्हां स्वपंथीयांनींच त्यांच्याकडे बोट दाखविलें. राजेरजवाड्यांत व बड्या लोकांत त्या मिसळूं लागल्या, तेव्हां त्यांना कीर्तीची चटक लागली असें म्हटलें गेलें. सर्वांत मोठा आघात १८२८ च्या नोव्हेंबरांत झाला. जोसेफ फ्राय यांची पेढी बुडाली. पेढीचा पैसा बायकोच्या धर्मकृत्यांत गेला अशी कुजबुज सुरू झाली. दिवाळें काढणें हा क्वेकरांच्या दृष्टीनें फार मोठा कलंक. पंथानें जोसेफ यांचें नांव आपल्या सभासदांतून काढून टाकलें. राहता वाडा सोडून कुटुंबास लहान घरांत जावें लागलें. ज्या पंथानें प्रत्येक मनुष्यांत ईश्वरी प्रकाश पाहावयास शिकविलें त्याच पंथानें आपल्या एका बांधवास असें बाहेर काढावें, ह्यांत दोष पंथाचा जितका त्याहून मनुष्यस्वभावाचा अधिक आहे. तत्त्व मान्य करणें सोपें; तें आपल्या ओळखीच्या, आपल्याला नुकसान पोंचविणाऱ्या माणसास लागू करणें कठीण. बाईंना त्या दिवसांत अपमानाची धार जवळून कळली. परंतु त्यांनीं पंथ सोडला नाहीं, नवऱ्यास दूषण दिलें नाहीं, व तुरुंगाचें कामही सोडलें नाहीं. कैद्यानें कोणता गुन्हा केला हें त्या विचारीत नसत, कारण सर्वांचेंच कोठें ना कोठें चुकलेलें असतें असें त्या मानीत, अशी त्यांची आठवण सांगतात. १८२८ नंतर ह्या बोलण्यास स्वतःच्या अनुभवाचीही जोड मिळाली असली पाहिजे.

आम्ही गुणग्रहणाचा उपदेश करीत असतां बाईंचे दोष झांकणें हें अप्रामाणिकपणाचें होईल. मुलांकडे त्यांचें दुर्लक्ष झालें ह्या आक्षेपांत तथ्य नव्हतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. गरिबांना शिस्त लावण्याच्या त्यांच्या उत्साहांत वरिष्ठ वर्गाचा पालकपणाही होता. १८३५ नंतर सरकारी तुरुंग-निरीक्षकांनीं न्यूगेटच्या व्यवस्थेवर कडक टीका केली, आणि तींतील कांहीं भाग योग्यही होता. परंतु त्याच निरीक्षकांनीं पुरस्कारिलेल्या, कैद्यास महिनेन्‌महिने एकांतांत कोंडून ठेवण्याच्या पद्धतीस बाईंनीं जो विरोध केला, तो अधिक दूरदृष्टीचा होता. रात्रीं कैद्यांना वेगळें ठेवावें हें त्यांना मान्य होतें. पण अखंड एकांतानें मन मोडतें, आणि मोडलेलें मन सुधारत नाहीं, असें त्यांचें मत होतें. १८२३ सालच्या तुरुंगविषयक कायद्यानें स्त्रीकैद्यांवर स्त्रियांचीच देखरेख असावी हें तत्त्व मान्य केलें. त्यामागें न्यूगेटच्या उदाहरणाचें बळ होतें. १८४० सालीं त्यांनीं लंडनमध्यें रुग्णशुश्रूषा शिकविणारी संस्था काढली. १८४२ सालीं प्रशियाचा राजा न्यूगेट पाहण्यास आला, तेव्हां तो बाईंच्या समवेत कैदी स्त्रियांत बसला. १२ ऑक्टोबर १८४५ रोजीं रॅम्सगेट येथें, पासष्टाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

हें चरित्र वाचून दोन गोष्टी मनांत ठसतात. पहिली ही कीं, निवाडा न करणें म्हणजे बेशिस्त माजूं देणें नव्हे. फ्रायबाईंच्या बराकींत नियम पूर्वींपेक्षां अधिक कडक होते. न्यायाधीशाची खुर्ची त्यांनीं मोडली नाहीं. कोर्टानें कृत्याचा निकाल द्यावा, शिक्षा सांगावी, ह्यास त्यांची हरकत नव्हती. त्यांचा विरोध होता तो एका कृत्यावरून सबंध मनुष्याचा कायमचा निकाल लावण्यास. दुसरी गोष्ट ही कीं, दुसऱ्यांतील चांगलें पाहणें म्हणजे गोड बोलणें नव्हे; त्यांत पैसा, वेळ व अब्रू घालावी लागते, आणि कधीं कधीं ती बुडते. निंदा फुकट होते. गुणग्रहणास भांडवल लागतें. पहिलीची बाजारांत एवढी चलती कां आहे ह्याचें कारण ह्यांतच असावें.

आमच्या वाचकांना ही सातासमुद्रांपलीकडची गोष्ट वाटूं नये. बाईंच्या मृत्यूनंतर २६ वर्षांनीं, १८७१ सालीं, इंग्रज सरकारनें हिंदुस्थानांत असा कायदा केला कीं ज्यान्वयें जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. हा निवाडा व्यक्तीच्या कृत्याचाही नव्हता, पाळण्यांतल्या मुलाचा होता. पुढें मुंबई इलाख्यांतही तो कायदा लागू झाला, व सोलापुरास तारेच्या कुंपणाआड ह्या लोकांची वसाहत होती. १९५२ सालीं तो रद्द झाला. परंतु कायदा गेला तरी लोकांच्या मनांतील दाखला अद्याप पुसला गेलेला नाहीं. त्याच महाराष्ट्रांत १९३९ सालीं औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं मॉरिस फ्रीडमन यांच्या साह्यानें आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें कैद्यांची उघडी वसाहत काढली. भिंती नसलेल्या जागीं गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना शेतीवर ठेवावयाचें, हा बेत ऐकून तेव्हांही शहाणे लोक हंसले असतील. तथापि ती वसाहत चालली. म्हणजे न्यूगेटमधील सुईकापडाचा प्रयोग आमच्या मातींतही उगवूं शकतो.

ख्रिस्ताच्या उपदेशावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनीं तो श्रद्धेनें पाळावा. ज्यांची नाहीं त्यांनीं वीस हजार कपड्यांचा हिशोब पाहून पाळावा. शिक्षा भोगून आलेला मनुष्य कामासाठीं दाराशीं उभा राहतो, सोडून दिलेली बाई भाड्यानें खोली मागते, पारध्याचें पोर शाळेंत नांव घालावयास येतें, तेव्हां आपण त्यांच्याविषयीं चौकशी न करतां निकाल देऊन मोकळे होतों. त्यांची चौकशी अवश्य करावी. परंतु तिच्यांत त्यांनीं काय केलें ह्या एका प्रश्नावर न थांबतां, त्यांच्या हातून काय होऊं शकेल हाही प्रश्न घालावा. आणि त्याचें उत्तर हवें असेल तर त्यांच्या हातीं कांहीं तरी काम, कांहीं तरी जबाबदारी, द्यावी. फ्रायबाईंजवळ ह्याहून निराळी युक्ति नव्हती.